सिंदफणेचं जळालेलं नाव

बर्फ वितळत होतं. परमुलखातल्या त्या विशाल, धूसरनील नदीवर हिमखंड एकमेकांना ढुसण्या देत, कुरकुरत, पुढे सरकत होते. आणि तीरावरच्या प्रयोगशाळेत हेमांगी जोगदंड सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. चहा निवला, ऊन कललं, पाय थांबेनात.

एक नवं मूलद्रव्य जन्मलं होतं. महिनोन्महिने अणूंवर अणू आदळले, तेव्हा एक कण. पुन्हा महिनोन्महिने, तेव्हा दुसरा. जड, अतिजड, आणि तरीही क्षणभंगुर! पापणी लवण्याआधी विरणारं. त्याचं नाव सुचवायचा मान तिच्या गटाचा होता, आणि ते आज सायंकाळपर्यंत कळवायचं होतं.

नाव ओठांवर होतं. सिंदफणियम. सिंदफणा, बीडकडची नदी. तिच्या गुरूंची, भालसिंग सरांची नदी. पण ते नाव जळालं होतं. वीस वर्षांपूर्वी सरांनी उतावीळपणे हेच मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर केलं, नावही सांगून टाकलं. शोध खोटा ठरला. आणि नियम निष्ठुर: खोट्या शोधाला एकदा दिलेलं नाव पुन्हा कुठल्याच मूलद्रव्याला मिळत नाही. लोक हसले. सर मुके झाले, गावी जाऊन बसले. ते हसू हेमांगीच्या काळजात अजून सलत होतं. तिला ते पुसायचं होतं. आज. आजच.

तिने फोन लावला. "सर, नाव तुम्ही सांगा."

"मला कशाला विचारतीस गं? लेकरू यायच्या आधीच रिकामा पाळणा हलवला मी. हलवू नये, आई सांगायची. ऐकलं नाही."

ती पुन्हा चालू लागली. दार, खिडकी, खिडकी, दार. खिडकीखाली, वितळत्या बर्फातून निसटलेला एक कृश, चंचल, रौप्यचंचल ओहळ धडपडत मोठ्या नदीत शिरत होता. हेमांगी थबकली. दिवसभरात पहिल्यांदा थबकली.

"सर, सिंदफणेला कोण येऊन मिळतं?"

"बिंदुसरा. पण ती उन्हाळ्यात आटून जाती, पोरी."

"हे मूलद्रव्यही आटतं, सर. पण आलेलं असतं. खरंच आलेलं असतं."

तिने लिहिलं: बिंदुसरियम. पाठवून दिलं. मग ते कण जिथे जन्मले, त्या पोलादी, निर्वात, निःशब्द कक्षाच्या भिंतीला फोन टेकवला. "कानात नाव सांगायला आत्या लागते, सर. आमच्याकडे कुणी नाही. तुम्हीच सांगा."

वीस वर्षं कशालाच नाव द्यायला न धजलेला कंठ खाकरला. "कुर्रर्र..."

पाळणा आताही रिकामाच होता. पण या वेळी लेकरू येऊन गेलं होतं. सर सांगत राहिले, बिंदुसरा, बिंदुसरा. आणि खिडकीखाली, सांजसोनेरी उजेडात, पाणी पाण्याला मिळत राहिलं.