गार हात

“उतरला ताप. आता तिला उठवू नकोस, आत्ता कुठे शांत पडलीय,” दारातच आईने सांगितलं आणि कामावरून आलेल्या गारठ्याचा जीव भांड्यात पडला.

गारठा बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. लाद्या आकड्याने ओढायच्या आणि गाडीत चढवायच्या. हातमोजे घातले तरी गारवा आत शिरायचाच, त्यामुळे गल्ली त्याला गारठाच म्हणायची आणि त्याचं खरं नाव केव्हाच विसरली होती. घरी आला की तो मुद्दाम मागून जाऊन बायकोच्या मानेला बोट लावायचा. ती दचकायची, हातातलं भांडं आपटायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या खेळाचा कंटाळा दोघांनाही आला नव्हता.

घरात कुणी आजारी पडलं की मात्र त्याला लांब ठेवत. त्याच्या हाताला सगळं जगच तापलेलं लागायचं. शेजारच्या धडधाकट टेम्पोवाल्यालाही त्याने एकदा अंगात ताप आहे म्हणून कामावरून घरी झोपायला पाठवलं होतं. म्हणून बायको डेंग्यूने फणफणली तेव्हा कपाळाला हात लावून बघायचं काम आईने घेतलं आणि डोळ्यात तेल घालून केलं. आज सकाळी सुनेचं अंग निवलं, तेव्हा कुठे आईने जरा पाठ टेकली.

चहा पिऊन तो बायकोच्या उशाशी बसला. सकाळपासून तिला सारख्या उलट्या होताहेत, पोटही दुखतंय म्हणत होती, असं आईने आतून सांगितलं. अशक्तपणा असणार, असंही तीच म्हणाली. त्यालाही ते पटलं. ताप गेला म्हटल्यावर घाबरायचं कशाला? उठवायचं नव्हतं, पण इतक्या दिवसांनी खोडी काढायचा मोह त्याला आवरेना. त्याने हळूच तिच्या मानेला बोट लावलं.

ती हललीसुद्धा नाही.

त्याने अख्खा पंजा टेकवला. तिने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. त्याने तिचा हात धरला, मग चादरीखालचं पाऊल चाचपलं. त्याच्या हाताला माणूस आजवर कधी गार लागलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या. ताप उतरला की सुटलो असं समजू नका, खरं लक्ष तेव्हाच ठेवायचं. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, गुंगी आली, तर लगेच घेऊन या. त्याने मान डोलावली होती. पण ताप उतरेल एवढंच त्याच्या कानात शिरलं होतं आणि पुढचं सगळं ऐकताना त्याच्या डोक्यात कामाची पाळी घोळत होती.

“अरे, ताप नाहीये तिला, कुठे नेतोयस?” आई मागून विचारत राहिली. तो बायकोला चादरीसकट उचलून थेट शेजारच्या दारात गेला. टेम्पोवाल्याने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता किल्ली उचलली.

दवाखान्यात एकदम धावपळ उडाली. रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने पट्टा पुन्हा आवळून बघितला आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

“ताप कधी उतरला?” बाईंनी विचारलं.

“सकाळी.”

“मग आत्ता आणताय?”

त्या रागावल्याही नव्हत्या. पण तो भिंतीला टेकला तो टेकलाच. सकाळी आपण मजेत लाद्या ओढत होतो आणि इथे ही गार पडत चालली होती, हे त्याला सहन होईना. मागोमाग आलेली आई बाकावर बसून आपल्या तळहाताकडे बघत होती.

त्याला बायकोजवळ जाऊ दिलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. नळी लावलेला तिचा हात चादरीवर होता. आता धोका कमी आहे, एवढं बाई म्हणाल्या होत्या, पण त्याचा कुणाच्या बोलण्यावर विश्वास उरला नव्हता. काल दुपारपासून तो बर्फाला शिवलासुद्धा नव्हता. तरी त्याने तळवे विजारीवर खसाखसा चोळले आणि भीतभीतच तिच्या मनगटाला बोट लावलं.

तिने हात आक्रसून घेतला.

“अहो,” ती डोळे मिटूनच पुटपुटली, “किती गार हात.”

त्याने हात चटकन मागे घेतला, दोन्ही तळवे काखेत धरले आणि ते गरम व्हायची वाट बघत स्टुलावर बसून राहिला. डोळे पुसायलाही त्याने हात बाहेर काढले नाहीत.