अडून बसलेला खण

मी एक जुना खण आहे, लिहायच्या टेबलाचा. मित्रांनो, तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून आधी माझे मूळच सांगून टाकतो. टेबल अस्सल शिसवी. मी मात्र साबणाच्या खोक्याच्या फळ्यांचा. सुताराने पुढे शिसवी पट्टी ठोकली आणि तळाची छापील अक्षरे अस्तराच्या कागदाने झाकली. वरून कीर्तन, आतून तमाशा! येणारेजाणारे टेबलाची वाखाणणी करत आणि मी फुकटचा फुगत असे.

आमचे मालक ग्रंथकार होते. माणसाचा जन्म आणि त्याचे मूळ, या एकाच विषयावर त्यांनी वीस वर्षे लिहिले. जुन्या कथांतली टाकलेली, नदीत सोडलेली, परक्यांनी वाढवलेली मुले त्यांच्या पानापानांत होती. 'मूळ लपवतो तो कधीच मुक्त होत नाही,' हे त्यांचे वाक्य ऐकून मला कानकोंडे होई.

त्यांची मुलगी दत्तक होती. ते तिला ठाऊक होते. कुठून आणले ते नव्हते. तो कागद माझ्या अस्तराखाली होता.

कॉलेजात असताना ती एकदा म्हणाली, "बाबा, साऱ्या जगाची जन्मकथा लिहिता. माझी कधी सांगणार?"

"अगं, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये," ते हसून म्हणाले. त्यांचा हात मात्र माझ्या मुठीवर घट्ट होता.

दुपारी ते बाहेर पडताच तिने मला ओढले. कुलूप नव्हते. हवा दमट होती, मी थोडा फुगलो होतो. पण खरे सांगतो, मनात आणले असते तर सुटलो असतो. अस्तर निघाले तर साबणाची अक्षरे दिसतील, एवढ्याच भीतीने मी अडून बसलो. तिने पाय रोवून जोर लावला, मग "जाऊ दे मेलं" म्हणत डोळे पुसले.

त्या दुपारनंतर सहा वर्षांनी ग्रंथकार वारले, तेव्हा तिने बोलावलेल्या सुताराने मला पटाशी घालून उघडले. अस्तर फाटले. माझ्या अक्षरांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. कागदावर तिच्या आईचा पत्ता होता आणि खाली एक ओळ: 'मुलीने विचारले तर सांगा, मी इथेच राहीन.'

मुलगी तशीच त्या पत्त्यावर गेली. संध्याकाळी परतली तेव्हा सुतार रंधा आवरत होता.

"आई भेटल्या का, ताई?"

"दोन वर्षं झाली तिला जाऊन. शेजारचे म्हणाले, दिवसभर दार उघडंच ठेवायची."

मित्रांनो, खण अडला तर मेण लावा, ऊन दाखवा. पण कुणी आपला जन्म मागायला आले, तर स्वतःची अब्रू सांभाळत बसू नका. माझ्याकडे ती एकदाच आली होती.