काजळ्याचं दार

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या तळहातावर बिस्किटाएवढी, करड्या रंगाची, चपटी प्लॅस्टिकची वडी आहे असं समजा. वजन जवळजवळ नाहीच. एका कडेला पितळी रंगाच्या बारीक पट्ट्या आहेत, एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे आणि पाठीवर कुणीतरी निळ्या शाईनं एक दिवा काढलेला आहे. तोही आता अर्धा पुसला आहे. दिसली का वडी? आता डोळे उघडा. मी एक जुनं मेमरी कार्ड आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं काही पाहिलंच नसेल. हल्लीचे खेळ स्वतःच सगळं लक्षात ठेवतात. आमच्या वेळी खेळाचं यंत्र मोठं विसरभोळं असायचं. दिवसभर खेळा, जिंका, हरा. यंत्र बंद केलं की त्याची पाटी कोरी. म्हणून त्याच्या पुढच्या बाजूला एक खाच असायची आणि त्या खाचेत मला खोचायचे. माझ्या पोटात पंधरा घरं आहेत. जे घडलं ते त्या घरांत नीट ठेवायचं आणि विचारलं की जसंच्या तसं सांगायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं लांबलचक टेबलापाशी पांढरी टोपी घातलेली एक तपासनीस बाई बसायची. ती प्रत्येक कार्डाला एक आकडा सांगायची, बाहेर काढून पुन्हा खोचायची आणि तो आकडा विचारायची. जो विसरला तो लाल टोपलीत. मला तिनं तीनदा विचारलं, कारण दोनदा ऐन वेळी तिला शिंक आली. तिसऱ्यांदा मी बरोबर सांगितलं तेव्हा तिनं मला बोटानं हलकेच थोपटलं. माझ्यावर पहिला विश्वास तिनं टाकला. तिचे आभार मानायचे राहूनच गेले, ते आज मानतो.

पुढे एका मामानं आपल्या भाचीला तेराव्या वाढदिवशी खेळाचं यंत्र दिलं आणि त्याच्याबरोबर मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात आलो. तळमजल्यावर आईचं चष्म्याच्या काचा घासून द्यायचं छोटं दुकान होतं. घरात दोघी बहिणी. मोठी ती ताई. धाकटी सहा वर्षांची. ती जिना उतरायची ती दोन-दोन पायऱ्या गाळून, आणि दूध प्यायची ते निम्मं अंगावर सांडून. तिला सगळे घाईबाई म्हणायचे.

मला डोळे नाहीत, पण यंत्रात खोचलं की बटणाचा प्रत्येक दाब माझ्यापर्यंत पोचतो आणि खोलीतलं बोलणंही कानावर पडतं. ताई विचार करून, एकाच अंगठ्यानं दाबायची. घाईबाईच्या हाती बटणं लागली तर ती दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबायची, जणू दाराची कडी वाजवते आहे. त्यामुळे कोण खेळतंय हे मला न सांगता कळायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताईचा आवडता खेळ होता धुक्याच्या खोऱ्याचा. त्यात एक दिवेवाला गावोगाव जाऊन विझलेले दिवे पेटवतो आणि काजळ्या नावाचा एक खलनायक त्या दिव्यांतलं तेल चोरतो. पडद्यावरची अक्षरं घाईबाईला भरभर वाचता यायची नाहीत, म्हणून ताई प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची, काजळ्याचा आवाज काढून. मग घाईबाई उशीमागे लपायची. रात्री दिवा मालवला की तिला काजळ्या दिसायचा. ताईला मात्र तो निव्वळ वाईट वाटत नव्हता. एकदा दिवेवाला कड्यावरून घसरला तेव्हा त्याच काजळ्यानं वरून दोर सोडला होता आणि काही न बोलता निघून गेला होता. ताई म्हणाली होती, "याची परतफेड करायची हं. शेवटी याला वाचवायचा."

एक्केचाळीस तास खेळून ताई त्या शेवटापाशी पोचली. काजळ्या गुहेत अडकलेला, पाणी चढतंय आणि तो हाका मारतोय. दिवेवाल्यासमोर लोखंडी दार आणि पडद्यावर दोनच पर्याय: दार उघड, दार लाव. नेमकी तेव्हाच आईनं खालून काचांची पेटी वर न्यायला हाक मारली. "हात लावू नकोस," असं धाकटीला बजावून ताई खाली गेली.

खोलीत घाईबाई, मी आणि काजळ्याच्या हाका. तिनं उशी खाली ठेवली. मग दोन्ही अंगठे एकदम दाबले गेले.

दार लागलं. यंत्रानं मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्याकडे "नको" म्हणायची सोय नाही.

ताई वर आली तेव्हा पडद्यावर शेवटची नावं सरकत होती. तिनं विचारलं आणि घाईबाई म्हणाली, "आपोआप झालं." ताई स्वतःशीच म्हणाली की बटणं खाटेच्या कडेवर ठेवली, घसरून पडून दाबली गेली असणार, चूक माझीच. ती रागावली नाही, पुन्हा पहिल्यापासून खेळलीही नाही. परीक्षा आल्या, शाळेचं वर्ष संपलं आणि मी एका पत्र्याच्या डब्यात गेलो. डब्यात मेलेल्या बॅटऱ्या होत्या, सदऱ्याची सुटी बटणं होती आणि कुठल्यातरी कुलपाची एकुलती एक किल्ली. सहा वर्षं त्यांच्यात काढली. तक्रार करत नाही. डबा कोरडा होता, ओल लागली असती तर आज हे सांगायला मी उरलो नसतो.

मित्रांनो, आता खेळांच्या दुसऱ्या भागांविषयी थोडं सांगतो, कारण माझ्या पोटातून बरेच गेले आहेत. एका किल्ल्याच्या खेळात ताईनं दुष्ट राजाला तुरुंगात न टाकता सोडून दिलं होतं. दुसऱ्या भागात तो दोन जास्तीची डोकी लावून पुन्हा हजर. सोडलं काय, टाकलं काय, दुसऱ्या भागाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दुसऱ्या एका खेळात पापपुण्याचा तराजूच होता. चोरी करा आणि मग भिकाऱ्याला दहा वेळा पाव द्या, की पारडं सरळ. ताई म्हणायची, "ज्याची चोरी झाली त्याला कुणी विचारलं का?" तिचं म्हणणं मला पटायचं. ज्या खेळाला काल काय घडलं हे आठवत नाही, त्यात खलनायक म्हणजे नुसतं मारायचं बाहुलं. आठवत असेल तरच तो कुणाचा तरी कोणीतरी असतो.

ताई विसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात, पुलांची मोजणी करणाऱ्या कचेरीत शिकाऊ म्हणून लागली. तिथल्या जुन्या बाजारात तिला धुक्याच्या खोऱ्याचा दुसरा भाग सापडला आणि तो तिनं घाईबाईच्या तेराव्या वाढदिवसाला धाडला. सोबत चिठ्ठी होती. ती घाईबाईनं मोठ्यानं वाचली, म्हणून मला ठाऊक: "डब्यातलं कार्ड लाव. हा भाग मागचं वाचतो म्हणे. माझ्या हातून काजळ्या बुडाला, ते काही पुसता येणार नाही. पण पुढचं तू बघ."

'माझ्या हातून' या शब्दांपाशी घाईबाई थांबली. तेवढंच तिनं हळू आवाजात दुसऱ्यांदा वाचलं.

रविवारची दुपार होती. तिनं माझ्या पट्ट्या सदऱ्याच्या टोकानं पुसल्या, मला खाचेत खोचलं आणि सहा वर्षांनी माझ्या अंगात वीज आली. तो आनंद कसा सांगू? सगळी घरं मी झरझर तपासली. एकही अक्षर हललेलं नव्हतं.

यंत्रानं विचारलं: जुनी कर्मं वाचायची की कोरी सुरुवात करायची? घाईबाईनं क्षणात 'कोरी सुरुवात' दाबलं. पण माझ्या पोटात जागा नव्हती. जुन्यातून पुढे गेलं तर नवी गोष्ट त्याच घरांत मावणार होती; कोरी हवी तर जुनी पुसावी लागणार होती. यंत्रानं तसं विचारलंही: पुसायची?

मित्रांनो, मी घाबरलो. ताईचे एक्केचाळीस तास माझ्या पोटात होते. आणि त्या दोन अंगठ्यांचा जगात मी एकटाच साक्षीदार होतो. मी पुसला गेलो की घाईबाई मोकळी आणि ताई जन्मभर खाटेला आणि स्वतःला दोष देणार.

पुसण्याआधी यंत्र त्या गोष्टीतल्या नायकाचं नाव दाखवतं. सहा वर्षांपूर्वी घाईबाईनं ते कधी वाचलं नव्हतं, आणि ताई वाचून दाखवताना तिथं नुसतं 'दिवेवाला' म्हणायची. ताईनं आपल्या दिवेवाल्याचं नाव ठेवलं होतं: घाई.

बराच वेळ एकही बटण दाबलं गेलं नाही. मग 'नाही' दाबलं गेलं. एकाच अंगठ्यानं.

खेळ सुरू झाला. धुकं ओसरलेलं खोरं, त्यात एक पूल आणि पुलावर कंदील घेऊन उभी असलेली मुलगी. काजळ्याची मुलगी. तिच्या बोलण्यातून कळलं की पुलापलीकडे एक वस्ती होती, जिथं दिवेवाला कधी पोचलाच नव्हता. काजळ्या तेल चोरायचा ते तिथं नेऊन द्यायला. चोरी ती चोरीच, मुलगीही तसं म्हणाली. पण बाप गेल्यापासून वस्ती अंधारात होती. मग पडद्यावर ओळ उमटली: "घाई, ते दार कोणी लावलं?"

खाली तीन उत्तरं होती. मला माहीत नाही. तो त्याच लायकीचा होता. मी लावलं.

घाईबाईनं बटणं खाली ठेवली आणि ताईला फोन लावला. ताईचा आवाज मोठ्यानं येत होता. खेळ मिळाला का, चालतोय का, आईनं जेवायच्या वेळी बंद करायला लावला असेल, असं तिचं चालू होतं. घाईबाई मध्येच म्हणाली, "ताई, ते आपोआप नव्हतं झालं. मी दाबलं होतं. मला त्याची भीती वाटायची."

मग ताई म्हणाली, "आणि मी सहा वर्षं त्या खाटेच्या नावानं खडे फोडतेय."

घाईबाईला हसू आलं नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस गं?" ताईच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. ती ते लपवत नव्हती.

"तू रागावली नाहीस ना. रागावली असतीस तर सांगितलं असतं. तू म्हणालीस चूक माझीच, मग मला बोलताच येईना."

"वाईट वाटलं मला," ताई म्हणाली. "खोटं नाही बोलत. पण सहा वर्षांच्या पोरीला काजळ्याबरोबर एकटं सोडून गेले ती मीच. काय म्हणतेय ती पुलावरची?"

घाईबाईनं ओळ आणि तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. कोणतं दाबू, असं मात्र तिनं विचारलं नाही. ताईनंही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "फोन ठेवू नकोस. मी ऐकतेय."

पुढचं सांगण्याआधी माझी एक विनवणी ऐका, मित्रांनो. यंत्राचा दिवा लुकलुकत असताना मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही ओढून काढू नका, त्या वेळी आम्ही लिहीत असतो. आमच्या पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसा. आणि लिहिलेलं आवडलं नाही म्हणून पुसायची घाई करू नका; त्या घरांत बहुतेक वेळा दुसऱ्याचंही काहीतरी ठेवलेलं असतं. मला जपणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, अगदी त्या पत्र्याच्या डब्याचासुद्धा. आणि दोन अंगठ्यांनी दार लावणाऱ्या मुलीचा सर्वांत जास्त, कारण तिनं मला पुसलं नाही.

घाईबाईनं तिसरं उत्तर दाबलं.

काजळ्याच्या मुलीनं माफ केलं नाही. ती पुलावरून बाजूलाही झाली नाही. तिनं फक्त तेलाचा एक डबा पुढे ठेवला आणि नदीच्या काठानं जाणारी लांबची वाट दाखवली. वीस घरं, वीस खेपा. पळालं तर तेल सांडणार आणि खेप पुन्हा करावी लागणार. ताईनं पलीकडून विचारलं, "जमेल का तुला?" आणि पहिल्यांदाच तिचं हसू ऐकू आलं.

घाईबाईनं फोन उशीवर टेकवून ठेवला. दिवेवाल्याला डबा उचलायला लावला. मग एकाच अंगठ्यानं, थेंबही न सांडता, ती एकेक पाऊल चालू लागली आणि पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ ताईला मोठ्यानं वाचून दाखवू लागली.