अनुभवाचा दाखला

घरजावई होऊ नये असं सगळे सांगतात. सासऱ्याच्या लायसनवर काम करू नये, हे कुणी सांगत नाही. जावयाने ते सहा वर्षं केलं. गच्चीवर एसी चढवायचे त्याने, हीटरच्या नळ्या जोडायच्या त्याने, पत्र्याने बोटं कापून घ्यायची त्याने. आणि प्रत्येक कामाआधी काढाव्या लागणाऱ्या सरकारी परमिटच्या अर्जात 'काम करणारा' या रकान्यात नाव सासऱ्याचं. आयत्या बिळावरचा नागोबा. गुडघे गेल्यापासून तो शिडीच्या पहिल्या पायरीवरही चढला नव्हता.

स्वतःचं लायसन काढायचं तर परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षेला बसायचं तर लायसनवाल्याच्या सहीनिशी चार वर्षांच्या अनुभवाचा पुरावा. अर्जाची मुदत महिनाअखेरीपर्यंत होती. जावयाने दाखला तीनदा मागितला. तिसऱ्यांदा सासऱ्याने चष्मा पुसत, अगदी आदराने विचारलं,

"जावईबापू, कागदोपत्री तुम्ही माझ्याकडे कामाला होतात कधी? तुमच्या नावाचं एक तरी परमिट दाखवा."

जावयाच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बाबांचा स्वभावच तसा, बघू. बघू म्हणायला तिचं काय जात होतं?

त्याच आठवड्यात दातांच्या दवाखान्याचं काम आलं. परमिट हातात नव्हतं. कागद मागून येतोच, तुम्ही मशिनं बसवून टाका, असं सासऱ्यानेच फर्मावलं. मशिनं बसली, गार हवा सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी परमिट ऑफिसचा इन्स्पेक्टर दारात उभा. त्याने नोटीस दिली: परमिटशिवाय काम कुणी सुरू केलं, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करा.

प्रकरण अंगाशी आलं. पण करून सवरून नामानिराळं राहायची सासऱ्याची जुनी खोड. दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने जावयापुढे कागद सरकवला. 'सदर काम माझ्या जावयाने मला न विचारता सुरू केले. गेली सहा वर्षे माझी सर्व मशिने तो एकटाच बसवत आला आहे. त्याचे काम चोख असल्याने मी डोळे झाकून विश्वास ठेवला.' खाली सही, लायसन नंबर, शिक्का.

तुम्हीही सही करा आणि ऑफिसात देऊन या, असं सासरा म्हणाला. जावयाकडे लायसनच नाही, तेव्हा त्याचं काय जाणार?

जावयाने कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा त्याची नजर 'गेली सहा वर्षे' या शब्दांवर थांबली. तो कागद घेऊन उठला.

ऑफिसात त्याने सहीच्या वर एक ओळ लिहिली: 'पहिले वाक्य खोटे, काम त्यांच्याच सांगण्यावरून सुरू केले, बाकी मजकूर खरा.' इन्स्पेक्टरने वाचून सांगितलं, हात कुणाचेही असोत, जबाबदारी लायसनवाल्याची. लायसन तीन महिने बंद. जावयाने खुलाशाच्या नकलेवर पोचेचा शिक्का घेतला आणि ती नक्कल घेऊन तो शेजारच्या खिडकीवर परीक्षेच्या अर्जांच्या रांगेत उभा राहिला.

संध्याकाळी त्याने दुकानात परीक्षेची पावती सासऱ्यासमोर ठेवली. लायसन बंद झाल्याचंही सांगितलं. सासऱ्याने पावती उलटसुलट पाहिली. सहा वर्षांत प्रथमच तो अरे-तुरेवर आला.

"दाखला कुणी दिला रे तुला?"

"तुम्हीच," जावई म्हणाला, आणि दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून बाहेर पडला.