घरी पोचेपर्यंतचा दिलासा

"नाव?" लॅबमधल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

तिनं धाकट्या जावेचं नाव सांगितलं. मागच्या खेपेला, दुसऱ्या लॅबमध्ये, नणंदेचं सांगितलं होतं.

"कुठली तपासणी?"

ती पुढे वाकली आणि एचआयव्ही हा शब्द इतक्या हळू बोलली की त्यानं "काय?" म्हणून मोठ्यानं विचारलं. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं वर पाहिलं. तिची कानशिलं तापली.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. निगेटिव्ह. ती जिन्यातच भिंतीला टेकली, डोळे भरून आले. बसमध्ये खिडकीशी बसली तेव्हा तिला चक्क भूक लागली होती. पण घराच्या कुलपात किल्ली घालताना मनात आलं, हा रिपोर्ट तर जावेच्या नावाचा. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर? तो माणूस सारखा फोनवर बोलत होता. हात तसाच कुलपावर राहिला.

ती मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. नवरा गेल्यापासून तिथंच. सगळे तिला मावशी म्हणत. गेल्या वर्षी चादरींचा गठ्ठा सोडताना कुणीतरी विसरलेली सुई तिच्या बोटात घुसली. सुई कुणाला टोचलेली, काही कळायला मार्ग नव्हता. लागण होऊ नये म्हणून दवाखान्यानं तिला महिनाभर गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला अन्नाचा वास सहन होईना. मग ठरल्याप्रमाणे रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, शेवटचंही तपासलं. दर वेळी निगेटिव्ह. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "सुटलात मावशी! आता हे पक्कं. पुन्हा तपासायची गरज नाही."

बाईंचा विषय संपला, तिचा तिथून सुरू झाला. घसा खवखवला की ती आरशापुढे जीभ काढून उभी राही. अंगावर पुरळ आलं की दिव्याखाली बसून एकेक पुटकुळी मोजी. घरात ती एकटीच, तरी कुणी आलं की तिचा कप वेगळा, टॉवेल वेगळा. आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या लेकीला बाळ झालं, तेव्हा ती पाळण्यापासून चार हात लांब बसू लागली. कधी म्हणे सर्दी झालीय, कधी म्हणे हाताला साबणाचा वास येतो. बाळ आता बसायला लागलं होतं. तिनं त्याला एकदाही घेतलं नव्हतं.

जावेच्या नावाच्या रिपोर्टनंतरच्या रविवारी लेक तणतणत आली. बाळाला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली.

"एकदा सांगून टाक आई. मुलगी झाली म्हणून ना?"

"काय बोलतेस गं!"

"मग काय समजू? सासूबाई विचारतात, तुझ्या आईला नात नकोशी आहे का. काय उत्तर देऊ मी त्यांना?"

लेक बाळाला घेऊन तशीच माघारी गेली. लेकीला हेच वाटत असणार इतके दिवस, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती समुपदेशक बाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, जावेच्या नावासकट. बाई हसल्या नाहीत.

"मशीन चुकत नाही का हो बाई?"

"एखादं चुकू शकतं. पण सगळ्या मशीननी मिळून तुमच्याच बाबतीत चुकायला तुम्ही काय त्यांचं घोडं मारलंय?"

तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

"आता आणखी एक तपासणी केली," बाईंनी विचारलं, "तर किती वेळ बरं वाटेल?"

ती विचार करून म्हणाली, "घरी पोचेपर्यंत."

"मग ती करून काय उपयोग? रक्त स्वच्छ आहे मावशी. भीती वेगळी बसलीय. तिच्यावरही उपचार असतो, मी डॉक्टरांची वेळ घेऊन देते. तोवर तपासणी बंद. पाय लॅबकडे वळले की इकडे या. आणि बाळाला घ्या हो. आजार असता तरी कडेवर घेतल्यानं काही झालं नसतं."

"पण पुन्हा शंका आली तर?"

"येणारच. आली म्हणून ती खरी होत नाही."

काम सुटल्यावर ती थेट लेकीकडे गेली. लेक बाळाला भरवत होती. उभ्या-उभ्याच तिनं सुईपासून सगळं सांगून टाकलं. तो शब्द या वेळी नीट ऐकू येईल असा उच्चारला. तो ऐकताच लेकीचा हात बाळाभोवती घट्ट झाला. क्षणभरच. पण तिला दिसला. ज्याला ती वर्षभर भीत होती ते हेच होतं.

"निगेटिव्ह आहे गं," ती म्हणाली. "सगळ्या तपासण्या."

लेकीनं हातातली वाटी खाली ठेवली. "त्या गोळ्या घेत होतीस तेव्हा तू मला पित्त झालंय म्हणालीस. एकटीनं काढलंस सगळं?" तिचा आवाज चिरकला. "वेडी आहेस का गं तू आई?"

लेकीनं बाळाचं तोंड पुसलं आणि उठून बाळ आजीच्या हातात दिलं.

बाळानं मान मागे घेऊन तो चेहरा निरखला. मग ओठ काढला आणि भोकाड पसरलं. दोन्ही हात आईकडे ताणले.

"ओळखत नाही अजून," लेक चाचरत म्हणाली. "आण, घेते मी."

"राहू दे."

बाई म्हणाल्या होत्या तशी शंका आलीच. नात कंबरेतून मागे वाकून रडत होती. तिनं पोरीची मान सावरली आणि तिला घेऊन खोलीत येरझाऱ्या घालू लागली, दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत.