धाकटीच्या मापाचे कपडे

मी एक जुनी अलमारी आहे. जाड लाकडाची, दोन दारांची, खाली तीन ड्रॉवर असलेली. मित्रांनो, आज तुम्हाला माझ्या अंगावर पांढरा रंग दिसतो. त्याच्याखाली हिरवा आहे, हिरव्याखाली करडा, आणि करड्याखाली मी आहे. माझी हकीकत सांगताना मला अजून कापरं भरतं, कारण एका दुपारी माझ्यामुळे एक लेकरू जिवाला मुकलं असतं.

एका सुतारानं मला घडवलं. त्याची बहीण नुकतीच वारली होती आणि तिच्या मागे दोन मुली उरल्या होत्या. थोरली अठरा वर्षांची, धाकटी नऊ वर्षांची. बाप आधीच गेलेला. भाच्यांशी काय बोलावं हे सुतारमामाला सुचेना, म्हणून त्यानं मला बनवलं. डावं दार थोरलीचं, उजवं धाकटीचं, म्हणजे भांडण नको. मला खोलीत उभी करून त्यानं थोरलीला बजावलं, "जड ते खाली, हलकं ते वर. उलटं केलंस तर ही तोंडावर पडेल बरं का!"

थोरली शिवणकाम करून घर चालवू लागली. तिच्या हाताला विलक्षण सफाई होती. धाकटीला ती दर वाढदिवसाला नवा ड्रेस शिवायची आणि उजव्या दाराच्या आत पेन्सिलीनं तिची मापं लिहायची. दर वर्षी जुना आकडा खोडून नवा लिहायचा. धाकटी माझ्या आरशासमोर गिरक्या घ्यायची. "ताई, खांद्यात टोचतंय गं!" म्हणून उगाच कुरकुर करायची. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

धाकटी एकोणीस वर्षांची झाली आणि तिला दूरच्या शहरातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. त्या दिवशी थोरली मशीनवर निळा ड्रेस पुरा करत होती.

"जायचं नाही," थोरली म्हणाली.

"ताई, मी पळून नाही चालले. नोकरीला चाललेय."

"मी तुझ्यासाठी लग्न केलं नाही. माझं सगळं वय या मशीनवर गेलं. आणि तू चाललीस?"

"मी कधी म्हटलं होतं, लग्न करू नकोस म्हणून?"

मशीन थांबलं. थोरली मान वर न करता म्हणाली, "गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही."

धाकटी गेली. निळा ड्रेस मशीनवरच राहिला. थोरलीनं त्याची शेवटची बटणं लावली, इस्त्री केली आणि तो माझ्या उजव्या कप्प्यात टांगला. त्या दिवसानंतर दारामागचा आकडा कधी बदलला नाही.

पहिल्या दोन वर्षांत चार पत्रं आली. थोरलीनं ती वाचली, पण उत्तर दिलं नाही. मग पत्रं बंद झाली. पुढच्या वाढदिवसाला मात्र तिनं पुन्हा ड्रेस शिवला. त्याच मापाचा. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. पाठवला एकही नाही.

मध्यंतरी थोरलीचं लग्न झालं. नवरा घरं रंगवणारा रंगारी होता, स्वभावानं हसरा. त्यांना एक लेक झाली. संसार वाढला, पण माझ्यात त्यांना जागा मिळेना. उजवा कप्पा भरला, तसे धाकटीचे कपडे डाव्या कप्प्यात आले. डावा भरल्यावर वर एक पत्र्याची ट्रंक चढली आणि तीही भरली. थोरलीच्या साड्या आणि रंगाऱ्याचे सदरे भिंतीवरच्या खुंटीला लटकू लागले. रंगारी म्हणायचा, "अगं, अलमारी तिची आणि खुंटी आपली. आपण या घरात भाडेकरू आहोत का?" थोरली हसायची नाही. मग तोही हसायचा थांबे.

लेक सोळा वर्षांची असताना तिनं एकदा पिवळा ड्रेस काढून घातला. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ड्रेस तिला इतका छान बसला होता की मला वाटलं, आता तरी यातला एक कपडा ऊन बघेल. थोरली दारात आली आणि पांढरीफटक पडली.

"काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ."

"आई, कुणी घालत नाही गं हे!"

"जिचा आहे ती घालेल."

लेकीनं तो काढून पलंगावर टाकला आणि जुन्या फ्रॉकवर निघून गेली. त्यानंतर तिनं माझ्या दाराला कधी हात लावला नाही. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली तरी नाही.

मित्रांनो, या सगळ्या काळात माझ्या पुढच्या डाव्या पायाचं काय झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. रोज फरशी पुसताना पाणी त्या पायाशी साचायचं. पाय आधी फुगला, मग मऊ पडला, मग त्याला वाळवी लागली. वाळवी घाई करत नाही. ती कणाकणानं खाते, आणि वरचा रंग तसाच ठेवते. रंगाऱ्यानं मला प्रेमानं तिसऱ्यांदा रंग दिला, तेव्हा त्या पायाची भोकंही रंगात बुजून गेली. बाहेरून मी नवी नवरी, आतून भुगा.

मी करकरू लागले. दार उघडलं की माझ्या सांध्यातून आवाज निघायचा. माझ्यापाशी दुसरी भाषा नव्हती. थोरलीला वाटलं बिजागऱ्या गंजल्या. तिनं त्यांत तेल सोडलं आणि माझी वाचाच बंद झाली.

लेकीची मुलगी पाच वर्षांची होती. दिवसभर घरभर गरगरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. लेक कामावर गेली की भिंगरी आजीकडे असे. तिला माझ्यातल्या रंगीत कपड्यांचं भारी वेड होतं.

"आजी, हे कुणाचे?"

"मावशीआजीचे."

"ती कधी येणार?"

थोरलीनं माझं दार लावलं. "हात लावू नकोस, मळतील," एवढंच म्हणाली.

एकदा भिंगरीनं माझा खालचा ड्रॉवर ओढला आणि त्यावर पाय देऊन वर चढली. मी पुढे झुकले. बोटभरच, पण झुकले. वरची ट्रंक सरकल्याचं मला कळलं. भिंगरीला झोका मिळाल्यासारखं वाटलं आणि ती खिदळली. तिच्या त्या हसण्यानं माझ्या फळ्या गार पडल्या. आता ती पुन्हा चढणार, हे मला कळून चुकलं होतं.

त्या आठवड्यात रंगाऱ्याच्या लक्षात आलं. माझ्या पाठीमागे त्याचा अख्खा पंजा जात होता. "अगं, हिनं भिंत सोडलीय. निदान वरची ट्रंक तरी उतरवू."

"अहो, ट्रंकेला हात लावायचा नाही. तुम्हाला काय खुपतंय तिचं?"

"मला ट्रंक नाही खुपत. मला पोरीची काळजी वाटते. बरं, रविवारी हिला भिंतीला ठोकून टाकतो."

रविवारी त्याला रंगकामाचं बोलावणं आलं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली गेली, आणि विषय तिथंच राहिला.

मग धाकटीचा वाढदिवस आला. थोरलीनं दुपारी बत्तिसावा ड्रेस पुरा केला. माझी दोन्ही दारं सताड उघडून तिनं तो टांगायला जागा शोधली. जागा नव्हती. तिनं खांद्यानं रेटून तो आत कोंबला. माझा पाय आतल्या आत चुरला, अगदी रस्क दाताखाली चुरतो तसा. एवढ्यात दारावर कुणी गिऱ्हाईक आलं आणि दारं उघडीच टाकून थोरली बाहेर गेली.

भिंगरी आली. तिनं पहिला ड्रॉवर ओढला, मग दुसरा. त्यांच्या पायऱ्या करून वर चढली आणि नव्या ड्रेसला धरून लोंबकळली.

मी जिवाच्या आकांतानं भिंतीकडे रेलायला बघत होते. पण लाकडाला कसला आकांत? पाय मोडला आणि मी कोसळले.

थोरलीनं उंबऱ्यातून ते पाहिलं. ती धावली आणि तिनं उजवा हात माझ्याखाली घातला. मी तिच्या मनगटावर पडले. माझी उघडी दारं समोरच्या पलंगाच्या कडेवर आदळून अडली, म्हणून खाली थोडी पोकळी राहिली. ट्रंक पलंगावरून पलीकडे जाऊन फुटली. पोकळीत भिंगरी होती, आणि तिच्यावर बत्तीस वर्षांचे कपडे.

ती रडत नव्हती. खोलीत काहीच आवाज नव्हता.

"भिंगरे! अगं, ओ दे!"

थोरलीचा उजवा हात अडकलेला. डाव्या हातानं ती कपडे ओढू लागली, पण हँगर एकमेकांत गुंतले होते. मग तिनं फाडायला सुरुवात केली. मोतिया ड्रेस फाडला. जांभळा दातात धरून उभा चिरला. जी शिवण तिनं डोळ्यांत तेल घालून घातली होती, ती टराटरा उसवली. निळा हाती आला, तोही फाडला. त्याच्याखाली एक छोटी टाच दिसली.

त्या टाचेला धरून तिनं पोरीला ओढून काढलं. भिंगरीचा चेहरा काळवंडला होता. थोरलीनं तिला पालथी केली, पाठीवर थापट्या मारल्या. एक. दोन. पाच. मग पोर खोकली, आणि मग अशी काही रडली की सगळी गल्ली गोळा झाली.

मित्रांनो, पोर वाचली. थोरलीच्या मनगटाची दोन हाडं मोडली. ती जुळली, पण उजव्या हातात सुई ठरेना ती कायमचीच.

संध्याकाळी लेक आली. ती ओरडली नाही. आईच्या समोर बसून तिनं विचारलं, "आई, एकदा सांग. जी गेली तिच्यासाठी जागा आहे. आम्ही जे इथं आहोत, त्यांना कुठे ठेवणार आहेस?"

थोरली म्हणाली, "कागद आण. मी सांगते, तू लिही."

पत्र इतकंच होतं. 'तुझे कपडे माझ्याकडे आहेत. चूक माझी होती. घरी ये.' त्या चार पत्रांवरच्या जुन्याच पत्त्यावर ते गेलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. अक्षर परकं होतं. धाकटीच्या घरमालकिणीनं लिहिलं होतं. धाकटी नऊ वर्षांपूर्वी तापानं गेली. इस्पितळात तिला सगळे मानत. घरी का जात नाही असं विचारलं की म्हणायची, ताईनं बोलावलं की लगेच जाईन. घरचा पत्ता तिनं कधी कुणाला दिला नव्हता.

थोरलीनं बोटांवर मोजलं. शेवटचे नऊ ड्रेस तिनं गेलेल्या माणसासाठी शिवले होते. ती माझ्या मोडक्या अंगाला टेकून बसली आणि माझ्यावर डोकं आपटून रडली. रंगारी शेजारी बसून राहिला. त्यानं तिला गप्प केलं नाही.

काही दिवसांनी तिनं स्वतःच कपडे बाहेर काढले. फाटलेले बाजूला ठेवले. धड होते त्यांच्या घड्या घातल्या. "हा शिवताना फार राग होता," ती लेकीला म्हणाली. "हा शिवताना ती येईलसं वाटत होतं. हा नुसता सवयीनं शिवला." पिवळा हाती आला तेव्हा तिनं तो लेकीसमोर धरला.

"आता नाही गं होणार मला," लेक म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

जवळच नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं. सगळे धड कपडे तिथं गेले. थोरली स्वतः घेऊन गेली. परत आली तेव्हा लेकीनं विचारलं, "बसले का गं कुणाला?"

"एकीला खांद्यात टोचत होतं," थोरली म्हणाली. "तिथंच ढिला करून दिला. डाव्या हातानं."

माझे पाय आता नाहीत. रंगाऱ्यानं चारही कापून मला जमिनीवर बसवली आणि भिंतीत चार लांब स्क्रू मारले. माझ्यात आता घरातल्या माणसांचे रोजचे कपडे असतात. भिंगरी अजून या खोलीत एकटी येत नाही. दारातूनच माझ्याकडे बघते आणि वळते. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, आज घरी गेलात की तुमचं कपाट उघडा. वर्षानुवर्षं न घातलेला कपडा दिसला तर विचारा, हा कुणासाठी ठेवलाय? ते माणूस हयात असेल तर आजच त्याच्या हाती द्या. वाढदिवसाची वाट बघू नका. नसेल तर रडून घ्या, आणि ज्याच्या अंगाला बसेल त्याला तो देऊन टाका. घरात लहान मूल असेल तर अलमारीची पाठ भिंतीला पक्की करून घ्या. आम्ही कुणाचं वाईट चिंतत नाही. पण तुम्ही आमच्यावर जेवढं चढवत जाता, तेवढं एक दिवस खाली येतंच, आणि खाली कोण उभं आहे ते आम्हाला बघता येत नाही.