वीस बोटांची बाई

मित्रांनो, तिझी नझ्रू गावाच्या सगळ्यात वरच्या अंगाला, थेट कड्याच्या पायथ्याशी एक कौलारू घर आहे. त्या घराच्या धुराड्याला तारेने आवळून बांधलेला, धुराने काळवंडलेला टीव्हीचा अँटेना म्हणजे मी. माझ्या दोन काड्या मोडल्या आहेत आणि एक वाकली आहे. माझी तार कौलांखालून टीव्हीपर्यंत जाते, म्हणून आत काय चालले आहे ते मला कळते. अंगण तर समोरच दिसते.

माझा जन्म ओरानकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या मधल्या दांड्यावर मागे लांब आणि पुढे आखूड काड्या बसवल्या. आखूड काड्या लावताना तिने मुकादमाला विचारले होते, "ह्या कशाला? ह्यांच्यावर तर काहीच येत नाही."

"आज येत नाही. पुढंमागं येईल. लाव तू."

मला आक्लीने विकत घेतले. आक्ली ऑलिव्हच्या घाण्यावर काम करायचा. मला खांद्यावर टाकून तो गावाची चढण चढू लागला, तेव्हा कॉफीवाला कासी दुकानातून ओरडला, "आक्ली, एवढा मोठा मासा खाल्लास कधी? काटे तेवढे घरी नेतोयस!"

"संध्याकाळी ये, ह्याच काट्यांवर मॅच दाखवतो तुला," आक्ली म्हणाला.

आणि खरेच, त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा विश्वचषक साऱ्या गल्लीने माझ्यामुळे पाहिला. कासी सगळ्यांत पुढे बसला होता. गोल झाला की लोक अंगणात येऊन माझ्याकडे बोट दाखवत. मला तेव्हा फार ऐट वाटायची.

सगळे ओरडत तेव्हा एक मुलगी मात्र लोकांच्या तोंडांकडे टकामका बघत राहायची. ती आक्लीची एकुलती एक लेक, वार्दिया. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. आठव्या वर्षी आक्लीने तिला तिझी उझू शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातले. ती तिथेच राहायची, सुट्टीत घरी यायची. दहा वर्षांनी शाळा संपवून परत आली, तेव्हा तिच्याजवळ हातांची एक पुरी भाषा होती. त्या भाषेत ती भांडू शकत होती, चेष्टा करू शकत होती, कोणाची नक्कल करू शकत होती. फक्त गावात ती भाषा येणारे दुसरे कोणी नव्हते.

ती शाळेत असतानाच तिची आई वारली होती. बाप-लेकीत दहा-बारा खुणा होत्या. ये, जेव, थंडी, पाणी, घाण्यावर जातो. एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. वार्दिया मडकी घडवायची, त्यांवर लाल-काळ्या रेघा ओढायची आणि दिवस दिवस हात मातीत ठेवायची. गावात तिच्यावर माया करणारे पुष्कळ होते. तिच्याशी बोलणारे कोणी नव्हते.

एका दुपारी एकच्या बातम्या लागल्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, एक बाई उभी राहून हातांनी बातम्या सांगू लागली. वार्दियाच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. ती टीव्हीला नाक टेकेल इतकी जवळ गेली. तो दिवस माझ्या अभिमानाचा असायला हवा होता. पण मित्रांनो, त्याच दिवसापासून माझी लाज सुरू झाली.

त्याचे कारण आमचा कडा. प्रक्षेपणाचा मनोरा कड्यापलीकडे होता. त्याच्या लहरी कड्याच्या धारेवरून घासटत माझ्यापर्यंत पोचायच्या, अगदी दमून. त्याच लहरी दरीपल्याडच्या डोंगरावर आपटून मागूनही यायच्या, जरा उशिराने. त्यामुळे टीव्हीवर मुंग्या तर यायच्याच, शिवाय प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच एक फिकी सावली उभी राहायची. खेळ पाहायला ते चालून जायचे. पण कोपऱ्यातल्या बाईचे हात चार व्हायचे आणि बोटे वीस. त्या वीस बोटांतून वार्दियाला एखाददुसरा शब्द सापडायचा. पूर, शाळा, मेले. कुठे पूर, किती मेले, ते मुंग्यांत जायचे.

तोवर गावातल्या घराघरावर उपग्रहाच्या छत्र्या आल्या होत्या. माझे सगळे भाऊबंद भंगारात गेले. आमच्या घरी छत्रीवाला दोनदा येऊन गेला. छत्रीला दक्षिणेचे आभाळ लागते आणि आमच्या दक्षिणेला नुसता दगड. "दा आक्ली, तुमच्या छत्रीला कडाच दिसणार बघा. कड्यावर काय सिनेमा असतोय?" असे म्हणून तो उतरून गेला. आमच्याकडे वडीलधाऱ्याला आदराने दा म्हणतात. आक्ली तोवर दा आक्ली झाला होता.

मग त्याने एक युक्ती काढली. बातम्यांच्या वेळी तो शिडी लावून माझ्यापाशी यायचा आणि मला हळूहळू फिरवायचा. पण वर बसून "दिसलं का गं?" असे ओरडून काय उपयोग? म्हणून त्याने मनगटाला सुतळी बांधून ती खिडकीतून आत सोडली. वार्दिया एकदा ओढायची, म्हणजे बरे आहे. दोनदा ओढायची, म्हणजे बिघडले. अशी ती दोघे, एक कौलांवर आणि एक पडद्यापुढे, वर्षानुवर्षे बातम्या पाहत होती. खालून जाताना कासी म्हणायचा, "काय दा आक्ली, मासा गळाला लागला की गळ माशाला?"

एका हिवाळ्यात कौलांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. वार्दियाने हातवारे करून, रागावून नको म्हटले होते. दा आक्ली तरी चढला. त्याचा पाय सटकला आणि तो अंगणात पडला. खुब्याचे हाड मोडले. सुतळीला मोठा हिसका बसला म्हणून वार्दिया धावत बाहेर आली. नाहीतर तिला कळलेही नसते. पडताना त्याने मला धरले होते. माझ्या काड्या तेव्हाच्याच मोडलेल्या आहेत. त्यानंतर तो काठी घेऊन चालू लागला आणि वार्दियाने शिडी फोडून चुलीत घातली.

पुढे एक बातमी आली. जुने प्रक्षेपण ठरल्या तारखेला कायमचे बंद होणार होते. देशभर नवे डिजिटल प्रक्षेपण येत होते, हाय डेफिनिशनचे, आरशासारख्या चित्राचे. गावाला त्याचे काही वाटले नाही. सगळ्यांना छत्र्या होत्या. आमच्या एका घराचा पडदा काळा होणार होता.

वसंतात प्रक्षेपण खात्याची एक पांढरी गाडी चौकात येऊन उभी राहिली. तीतून सिलिया नावाची एक इंजिनिअर मुलगी उतरली, आणि बरोबर ड्रायव्हर बेलाइद. गाडीवरचा खांब तिने उंच चढवला, यंत्राचे आकडे पाहिले आणि वहीत लिहून घेतले. कासीने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"काय म्हणतंय पोरी तुझं यंत्र?"

"शून्य म्हणतंय. कड्याच्या सावलीत आहे तुमचं गाव."

"असू दे. कोणाला हवंय इथं? फक्त वरच्या घरात एक म्हातारा आहे, माशाचा सांगाडा पाळून बसलाय."

दा आक्ली काठी टेकून तिथेच उभा होता. तो म्हणाला, "बाळ, आकडे चौकातले घेतलेस. माझ्या घरातले घे."

"दा, तुमचं घर तर कड्याला आणखी चिकटून आहे. तिथं ह्याहून कमीच येणार."

"येऊ दे कमी. पण येऊन बघून तरी जा."

बेलाइदने घड्याळ पाहिले. "आपल्याला अजून चार गावं आहेत, ताई."

ती आली. दुपारचा एक वाजला होता. वार्दियाने मागच्याच वर्षी मडकी विकून नवा चपटा टीव्ही घेतला होता. त्यावर वीस बोटे आणखी मोठी दिसत होती, एवढाच फरक पडला होता. वार्दिया पडद्याला खेटून बसली होती आणि कपाळाला आठ्या घालून त्या बोटांत शोधत होती. सिलिया दारातच थबकली. बराच वेळ ती पडद्याकडे न पाहता वार्दियाच्या पाठीकडे पाहत राहिली.

"दा आक्ली," ती सावकाश म्हणाली, "एका घरासाठी वेगळा मनोरा उभा करता येत नाही. खोटी आशा मी दाखवणार नाही."

"मी कुठं मनोरा मागतोय? हे असं दिसतं, एवढंच तुला दाखवायचं होतं."

सिलियाने पुन्हा पडदा पाहिला. "ही सावली... ही कुठून येते?"

"समोरच्या डोंगरावरून. त्या मेल्यानं आयुष्यभर छळलंय आम्हाला."

सिलिया अंगणात आली. तिने समोरच्या डोंगराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एकदम म्हणाली, "बेलाइद, गाडीतली शिडी आण!"

मित्रांनो, तीस वर्षांत कोणी मला इतक्या आपुलकीने हात लावला नव्हता. तिने माझी लोंबणारी तार कापून नवी जोडली. आखूड काड्या पाहून शीळ घातली. "अरे, ह्या तर डिजिटलच्याच कामाच्या आहेत!" मग तिने धुराड्याला आवळलेली तार सोडवून मला पूर्ण फिरवले. माझे तोंड मनोऱ्याकडून काढून त्या समोरच्या डोंगराकडे केले.

खालून दा आक्ली ओरडला, "अगं बाळ, उलटा केलास! मनोरा इकडं मागं आहे!"

"ठाऊक आहे, दा. जुन्या चित्राला डोंगराचा प्रतिध्वनी सोसत नव्हता, म्हणून सावल्या पडायच्या. नव्याला तो चालतो. मागेपुढे येणारं सगळं गोळा करून नवं यंत्र त्याचं एकच चित्र करतं. कड्यावरून येत नाही ना? मग डोंगराकडून घेऊ."

बेलाइदने गाडीतून ते यंत्र, एक छोटा डिजिटल डबा, आणून टीव्हीला जोडला. मी नव्या दिशेला तोंड करून उभा होतो. मनातून घाबरलो होतो. आधी काहीच आले नाही. सिलियाने मला बोटभर डावीकडे सरकवले. आणि माझ्या आखूड काड्यांवर, ज्यांना जन्मात काम लागले नव्हते, काहीतरी येऊन बसले.

खाली पडदा उजळला. मुंग्या नाहीत, सावली नाही. बातमी सांगणाऱ्याच्या कोटाचा टाका न् टाका दिसत होता. कोपऱ्यातल्या बाईच्या हातात एक बारीक अंगठी होती. ती आम्हाला कधी माहीतच नव्हती. वार्दियाने पडद्यावर बोट टेकवून तिची बोटे मोजली. मग वळून बापाकडे पाहिले आणि आपले दोन्ही पंजे उघडून दाखवले. दहा!

त्यानंतर ती पडद्यातल्या बाईशी भराभर हातांनी बोलू लागली. वीस वर्षांचे साठलेले एकदम बाहेर येत होते. सिलियाने डोळे पुसत विचारले, "काय म्हणतेय ती, दा?"

दा आक्लीने मान खाली घातली. "मला कुठं कळतं पोरी? मी फक्त अँटेना फिरवत आलो."

सिलिया निघताना कासीने तिला पुन्हा कॉफी पाजली. तिच्यासारखे शेकडो लोक वाळवंटापासून समुद्रापर्यंत हिंडले, हे मला बेलाइदच्या बोलण्यातून कळले. खेचरांवर लोखंड लादून त्यांनी शिखरांवर मनोरे चढवले आणि गावोगाव खांब उभारून आकडे लिहिले. त्या सगळ्यांना मी इथूनच नमस्कार करतो. सिलियाने वहीतले शून्य खोडून तिथे लिहिले होते, 'चित्र उत्तम. तोंड डोंगराकडे.'

दुसऱ्या दिवशी एक वाजता दा आक्लीने आपले बसकर उचलून लेकीच्या शेजारी टाकले. कानांनी तो बातमी ऐकायचा आणि डोळ्यांनी त्या दहा बोटांकडे बघायचा. 'शाळा' हा शब्द कानावर आला की बोटे काय करतात ते पाहून, मांडीवर चोरून तसे करून बघायचा. घाण्याच्या दांड्याने त्याची बोटे जाडजूड आणि ताठ झाली होती. ती वळायची नाहीत. तरी उन्हाळाभर तो रोज बसला. वार्दियाला वाटायचे, म्हाताऱ्याला आता बातम्यांचा नाद लागला.

पहिल्या थंडीत ती अंगणात मडकी वाळत घालत होती. दा आक्ली काठी भिंतीला टेकवून तिच्यासमोर उभा राहिला. त्याने घसा खाकरला, खरे तर त्याची काही गरज नव्हती, आणि दोन्ही हात वर केले. अडखळत, एकेक शब्द आठवत, त्याने आयुष्यातले पहिले पुरे वाक्य लेकीच्या भाषेत सांगितले. त्याला म्हणायचे होते, 'उद्या डोंगरावर बर्फ पडणार, मडकी आत घे.'

एक अंगठा चुकला. म्हणून झाले, 'उद्या डोंगरावर मंत्री पडणार, मडकी आत घे.'

वार्दिया आधी नुसती बघत राहिली. मग हसत हसत मातीतच बसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते हसण्याचे होते की कशाचे, ते मला वरून सांगता येईना. शेवटी उठून तिने मातीच्या हातांनी बापाचा अंगठा धरला आणि सरळ करून दिला. त्याने वाक्य पुन्हा म्हटले. ह्या वेळी बर्फच पडला.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना पुसा, त्यांची तार सांधा, एवढे तर मी सांगेनच. माझे ते हक्काचे मागणे आहे. पण आणखी एक मागतो. घरात नवे, लख्ख चित्र आणाल तेव्हा दुसऱ्याला ते लावून देऊन निघून जाऊ नका. आपले बसकर उचला आणि त्याच्या शेजारी टाका.